वाकडी वेणी

१४ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष नाही, तक्रार विशेष आहे. तेव्हा पाणीबिणी पिऊन मग वाचायला बसा.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की वहिनी, आवाज असा का येतोय, आणि मी काही नाही म्हणून उडवून लावलं. काही नाही कसलं! तुमचे दादा शेजारीच पेपरआड बसून कान टवकारून होते. या घरात फोनवर मनातलं बोलायची सोय नाही. तुमच्या संग्रहालयात त्या जुन्या कपड्यांच्या खोलीत फोन न्यायला बंदी, पण पत्र नेता येतं ना? मग न्या आणि तुमच्या त्या अंधारात बसून वाचा.

गेले काही महिने माझ्या पापण्या जांभळ्या झाल्यात. जांभळ्या म्हणजे अगदी कुणीतरी ब्रशने रंगवल्यासारख्या, वर सूज. बोटांच्या सांध्यांवर लाल, खरखरीत चट्टे. गळ्याखाली, कपड्याचा गळा उघडा असतो तेवढा भाग लालभडक. डोक्यात खाज इतकी की वाटतं केस उपटून टाकावेत. आणि लोक! तळमजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, ते हात वगैरे उगारत नाहीत ना. तुमचे दादा! जे झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारतात! मी तिथेच हसायला हवं होतं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरीने विचारलं की मी या वयात डोळ्यांना रंग का लावते.

पार्लरमध्ये तर पहिल्याच दिवशी निकाल लागला. केसांचा रंग बाधला. आमच्याकडे कुणाला शिंक आली तरी खापर रंगावर फुटतं. मालकीणबाईंनी होते तेवढे डबे फेकून दिले, दुसऱ्या कंपनीचे आणले, मग तिसऱ्या. मला कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालायला लावले. शेवटी रंगाचं काम काढूनच घेतलं. चट्टे आपले जागच्या जागी. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मी पार्लरमध्ये काम करते एवढं ऐकल्यावर त्यांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. मलम लिहून मोकळे. मी त्यांचं नाव मलमवाले ठेवलंय.

पुढचं जे ऐकलं नाही ते हे. माझे हात वर जात नाहीत. ड्रायर धरला की खांद्यापासून हात असा भरून येतो की खाली ठेवावाच लागतो. परवा तो गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला. वरच्या फळीवरचे टॉवेल मी उड्या मारून काढते, आणि उडीही आता जमेनाशी झाली आहे. आपला तिसरा मजला मला डोंगर झालाय. नवरा शहरभर लिफ्ट दुरुस्त करत फिरतो आणि बायको लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिन्याचा कठडा धरून चढते, याला काय म्हणायचं? ते म्हणतात की मी फार बसून असते, जरा हातपाय हलवत जा. बसून? मी? एकोणीस वर्षं उभ्याने काम करतेय मी!

आणि गंमत बघा, बोटं ठणठणीत आहेत. कात्री पूर्वीसारखी चालते. पेन चालतं, ते तुम्ही बघताच आहात. म्हणून मालकीणबाईंना पटत नाही. कात्री इतकी सरसर चालते आणि ड्रायर तेवढा जड होतो, हे कसं काय, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. नाटक हा शब्द वापरला नाही, तेवढी सभ्यता ठेवली.

मला धास्ती आहे ती खिडकीजवळच्या खुर्चीची. तुम्ही आला होतात तेव्हा तिच्यावरच बसला होतात. मोठी काच, भरपूर उजेड. केसांचा रंग खरा कसा दिसतो ते दिव्यात कळत नाही, दिवसाच्या उजेडातच कळतं. म्हणून ती खुर्ची रंग जाणणारीची. ती माझी आहे. मालकीणबाईंची सून तिच्यावर डोळा ठेवून आहे. रंगाचं काम गेलं, आता खुर्ची गेली की मी तिथे कोण? टॉवेल धुणारी?

असो. आमचा तो सकाळचा नियम आठवतो ना? उघडायच्या आधी सगळ्यांनी आरशासमोर उभं राहायचं आणि एकमेकींचे केस तपासायचे. केस करणारीचे स्वतःचे केस म्हणजे दुकानाची पाटी, असं मालकीणबाईंचं म्हणणं. हल्ली मी डोक्याला रेशमी रुमाल बांधते. नवी फॅशन म्हणून सांगितलंय.

तुमच्या लेकीला गोड पापा. उपदेश पाठवायचा असेल तर पाठवू नका, लोभ पाठवा.

तुमची,
वहिनी

---

२३ मार्च

ती. वहिनीस,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष ही की तू उपदेश नको म्हणालीस, म्हणून सरळ भांडायलाच बसते.

इतके महिने तू हे अंगावर काढलंस आणि मला फॅशनच्या रुमालाच्या गोष्टी सांगतेस? लहानपणी मला ताप आला की दादाच्या आधी तू उशाशी असायचीस. नव्याने लग्न होऊन आलेली तू, आणि मी डोक्यावर बसलेली नणंद. माझ्या शाळेच्या दोन वेण्या तू घातल्यास, इतक्या घट्ट की डोळे तिरपे व्हायचे. आणि आता तुझं दुखणं मला असं तुकड्यातुकड्याने कळवणार?

तुझं पत्र मी खरंच आमच्या अंधाऱ्या खोलीत वाचलं. माझ्यासमोर टेबलावर एक जुना झगा होता. कुणाच्या तरी घरी वर्षानुवर्षं खिडकीपाशी टांगलेला. खांदे, छाती, बाह्यांची वरची बाजू, जिथे उजेड पडला तिथलं सगळं उडून गेलंय. घडीतला भाग अजून नवा. आमचं कामच ते, काय कुठे उडालंय ते बघायचं आणि खिडकी कुठे होती ते ओळखायचं. तुझे चट्टे मी कागदावर काढून बघितले. पापण्या, गळ्याखालचा उघडा भाग, हाताची वरची बाजू. वहिनी, रंग हाताळणाऱ्या बाईची आधी बोटांची टोकं बिघडायला हवीत. तुझे चट्टे तर वर सांध्यांवर आहेत, तूच लिहितेस. तुला रंग नाही, ऊन बाधतंय असं मला वाटतं. ती खिडकी.

पण ऊन बाधलं म्हणून कुणाचे हात वर जायचे थांबत नाहीत. तिथे माझी अक्कल संपली. मी कपड्यांची डॉक्टर आहे, माणसांची नाही. मला एवढंच कळतंय की तू चट्टे एका माणसाला दाखवतेस आणि हात कुणालाच नाही. दोन्ही एकत्र ऐकून घेईल असा डॉक्टर शोध. मलमवाल्यांकडे पुन्हा पाऊल टाकलंस तर मी तिथे येऊन तमाशा करीन.

आणि दादाला सांग की त्याच्या बहिणीने त्याला दगड म्हटलंय. सांगायला नको, मीच सांगेन.

पोर तुझ्या पाप्यासाठी गाल पुढे करून बसली आहे. तुझी माया आहे म्हणून तर मी अशी तोंडाळ झाले, तेव्हा ती कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

---

१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. दुखण्याला नाव मिळालं. डर्माटोमायोसायटिस. एका दमात वाचता आलं तर बक्षीस देईन. तुमच्या दादांनी ते पाठ केलंय आणि आल्यागेल्याला ऐकवतात.

या डॉक्टर संधिवात आणि स्नायूंच्या. वयाने माझ्याहून लहान. आत गेले तशा त्यांनी माझ्या पापण्या बघितल्या, बोटांचे सांधे बघितले, भिंग लावून नखांच्या कडा बघितल्या, आणि मग म्हणाल्या की हात छातीशी घडी घालून या खुर्चीतून उठून दाखवा. बस, एवढंच. वन्सं, मी उठू शकले नाही. पुढे झुकले, झोका घेतला, पुन्हा बसले. तुमचे दादा शेजारी उभे होते. मला हात द्यायला ते पुढे आले तर डॉक्टरांनी त्यांना थांबवलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. पण बाहेर आल्यावर मला रडू आलं नाही, राग आला. इतक्या महिन्यांत मला कुणीही खुर्चीतून उठायला सांगितलं नाही! फुकटचं काम होतं ते! मलमवाल्यांच्या खोलीतही खुर्ची होतीच की.

मग रक्त तपासलं, त्यात स्नायू झिजत असल्याचं दिसलं. मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तोही बघितला. समजलं ते असं. आपल्या अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. माझ्या पहारेकऱ्यांची मती फिरली आहे आणि ते घरच्यांनाच चोर समजून झोडपतायत. कातडीला आणि स्नायूंना. तेही खांदे, दंड, मांड्या, कंबर अशा धडाजवळच्या मोठ्या स्नायूंना. बोटं आणि पावलं त्यामानाने सुटतात. म्हणून कात्री चालते आणि ड्रायर पेलत नाही. नाटक नव्हतं ते, या दुखण्याची रीतच तशी आहे! मला ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून मालकीणबाईंच्या आरशावर चिकटवावंसं वाटलं.

ते का होतं हे नक्की कुणालाच माहीत नाही म्हणाल्या. माझ्या हातून काही चुकलं म्हणून नाही, रंगाने नाही, आणि एकाचं दुसऱ्याला होत नाही. उन्हाने मात्र चिघळतं, आणि नुसतं कातडीपुरतं नाही, सगळंच. तुमचा झगा बरोबर बोलत होता. पूर्ण बरं होईल का विचारलं, तर म्हणाल्या की बहुतेकांना औषधांनी चांगला फरक पडतो, पण औषध पुष्कळ काळ घ्यावं लागतं आणि मधूनच उलटण्याची भीती असते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या, शिवाय आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी. गिळतानाही जपायला सांगितलंय, कारण मध्यंतरी पाणीसुद्धा नाकात यायला लागलं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. ओरडू नका.

एक गोष्ट राहिली आहे. माझ्या वयात हे दुखणं आलं की कधीकधी अंगात दुसरीकडे कुठे गाठ लपलेली असते, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या तपासण्या करायला सांगितल्यात. निकाल यायचे आहेत. त्याबद्दल आत्ता याहून जास्त लिहीत नाही.

पार्लरचं ऐका. मी जाऊन मालकीणबाईंना सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाल्या की संसर्ग नाही हे त्यांना पटलं, पण गिऱ्हाइकांना कुठे पटवत बसायचं. बरी होईपर्यंत मी आतल्या खोलीत, पडद्याआड, टॉवेल आणि सामानाचं बघावं. बरी होईपर्यंत! मी त्यांना आत्ताच सांगितलं होतं की हे असं आठवड्यात उतरणारं दुखणं नाही. आणि खिडकीजवळची खुर्ची सूनबाईंना. मी चेष्टेत लिहिलं होतं ना टॉवेल धुणारी म्हणून? आलं खरं. पडदा कसला, तर फुलाफुलांचा. त्याच्याआड बसून मला पलीकडचं सगळं ऐकू येतं. एकीने विचारलं की त्या बाई कुठे गेल्या, तर सूनबाई म्हणाल्या की त्यांना काहीतरी झालंय. काहीतरी! नाव आहे त्याला, लांबलचक!

आता शेवटची गोष्ट, आणि ही फक्त तुमच्यापाशी. रुमाल फॅशनचा नाही. मान खाली वाकवून तो कसाबसा डोक्यावर टाकते आणि हनुवटीखाली गाठ मारते. मला माझे केस विंचरता येत नाहीत. हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही. बेसिनवर कोपर टेकवते, मान वाकडी करते, तरी मागची बाजू तशीच गुंतलेली राहते. आयुष्यभर गावाचे केस सारखे केले आणि माझ्या डोक्यावर घरटं झालंय. कापून टाकीन म्हटलं, पण कापायलाही हात वर लागतो. कुणाकडून करून घ्यायची मला लाज वाटते, आमच्या धंद्यात तर फारच. तुमच्या दादांना यातलं काही माहीत नाही, ते तसंच राहू द्या.

वन्सं, रागाने लिहितेय म्हणून शक्ती आहे असं समजू नका. माया असू द्या.

तुमची,
वहिनी

---

२६ एप्रिल

वहिनी,

नमस्कार. मायन्यापुरता कागद फुकट घालवत नाही.

फुलाफुलांचा पडदा! तो पडदा मी स्वतः येऊन फाडीन. वाचवायचं काम करते मी जन्मभर, एक पडदा फाडला तर पाप लागणार नाही. एकोणीस वर्षं ज्या बाईच्या हाताने त्यांचं दुकान चाललं, तिला सामानात टाकतात? आणि वर बरी होईपर्यंत म्हणतात, म्हणजे दयाही दाखवली!

आता नीट वाच. या पत्रासोबत पार्सल येईल. त्यात पारदर्शक फिल्मची गुंडाळी आहे. आमच्या खोल्यांच्या खिडक्यांना हीच लावतात. आमचा नेहमीचा विक्रेता आहे, त्याच्याकडून घेतली, चोरलेली नाही, म्हणून घाबरू नकोस. उन्हातले जे किरण कापड खातात ते ही बहुतेक सगळे अडवते, आणि उजेड मात्र जसाच्या तसा आत सोडते. रंग बदललेला दिसत नाही, नाहीतर आम्हाला आमचेच कपडे कसे बघता आले असते? आधी तुझ्या डॉक्टरांना दाखव. त्यांनी चालेल म्हटलं तर पार्लरच्या काचेला लाव, घरच्याही. पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, टोपी हे सगळं करायचंच आहे, फिल्म लावली म्हणून सुटका नाही. पण उजेड आणि तू, दोघं एका खोलीत राहू शकता.

तुझी गुप्त गोष्ट मी दादाला सांगितलेली नाही. त्याला एक पत्र मात्र लिहिलंय. त्यात एवढंच लिहिलं की तू लिफ्टची मोटर बिघडली की पाच मिनिटांत आवाजावरून ओळखतोस, आणि घरातलं माणूस दर मजल्याला थांबतंय ते तुला ऐकू येत नाही? बाकी शिव्या आहेत, त्या इथे लिहीत नाही.

तपासण्यांचे निकाल आले की आधी कळव, मग जेव. 

तुझीच,
धाकटी

---

९ मे

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. मी दगड, ठोंब्या आणि आणखी जे काही आहे ते वाचलं. दोन वेळा वाचलं. पत्र लिहायची मला सवय नाही हे तुला माहीत आहे.

तुझी वहिनी बरी आहे. औषधं वेळेवर घेते. स्टेरॉइडने तोंड गोल झालंय, त्याचा तिला फार राग येतो. भूकही फार लागते आणि त्याचाही राग येतो. झोप लागत नाही, तेव्हा माझ्या घोरण्याचा राग येतो.

जिन्याचं तू लिहिलंस. मी दर मजल्याच्या वळणावर एकेक घडीची खुर्ची ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हरकत घेतली की जिना सगळ्यांचा आहे. मी म्हटलं बरोबर, माझ्या बायकोचाही आहे. मग ते घरात गेले. घरमालकाला लिफ्टचं विचारलं, तर म्हणाला की इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही. चिमे, मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. लिफ्ट काही त्याने बसणार नाही, पण तळमजल्यावरची रिकामी जागा तो आम्हाला बदलून देणार आहे. पुढच्या महिन्यात खाली येतोय.

केसांचं मला तुझ्याकडून कळलं नाही आणि तिच्याकडूनही नाही. बेसिनपाशी ती वाकडी होऊन उभी होती आणि कंगवा पडला. मी उचलला आणि परत दिला नाही. ती फार ओरडली. मी शिकलो. गोदामात जाड वायरचे तीन तुकडे घेऊन जेवणाच्या सुट्टीत वेणी घालून बघितली. माझी माणसं हसली. आधी फार घट्ट व्हायची, लिफ्टच्या दोरासारखी, तिचं डोकं आधीच हुळहुळं. आता सैल घालतो तर सुटते. भांग सरळ येत नाही. तो कसा आणतात ते तुला येत असेल तर कळव.

तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या. कुठे काही नाही. मधूनमधून पुन्हा करायच्या आहेत. हे आधी लिहायला हवं होतं काय?

फिल्म मिळाली. डॉक्टर चालेल म्हणाल्या. पार्लरच्या खिडकीची मापं मी बाहेरून घेतली आहेत.

पोरीला आशीर्वाद. आमचं ठीक आहे, काळजी नको.

तुझा,
दादा

---

३ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. बरेच दिवस नुसत्या फोनवर भागवलं, पण आजचं फोनवर सांगण्यासारखं नाही. ते पेपरआड बसलेत.

आधी तब्येत, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही. रक्तातलं ते झिजणं पुष्कळ उतरलंय. खुर्चीतून हाताची घडी घालून उठते, जरा दम लावून, पण उठते. व्यायामाच्या बाई येतात, त्या मला थोडंथोडंच करू देतात. मला जास्त करायचं असतं आणि आमचं त्यावरून वाजतं. चट्टे फिकटले, गेले नाहीत. हात खांद्याएवढा वर जातो, डोक्यापर्यंत अजून नाही. स्टेरॉइड हळूहळू कमी करतायत. तोंड मात्र अजून गोलच. लोक म्हणतात की वा, तब्येत सुधारली! त्यांना काय सांगायचं?

आता भांडण. पडद्याआड मी किती बसणार? एक दिवस मी मालकीणबाईंना गाठलं आणि सांगितलं की मला माझी खुर्ची परत हवी. त्या म्हणाल्या की उन्हाचं काय. मी म्हटलं की फिल्म आहे, नवरा लावून देईल. त्या म्हणाल्या की हात वर जात नाही त्याचं काय. मी त्यांना करून दाखवलं. ती खुर्ची पायाने दाबून अगदी तळाशी नेली, मी चाकांच्या उंच स्टुलावर बसले, कोपरं अंगाशी धरली, आणि सूनबाईंच्याच केसांना कात्री लावली. गिऱ्हाईक खाली, मी वर. हात उचलायचं कारणच नाही. ड्रायर दुसरीने धरायचा, मी ब्रश फिरवायचा. इतकी वर्षं आम्ही सगळ्या हात वर करून मरत होतो, कुणाच्या डोक्यात आलं नाही की खुर्ची खाली जाते! सूनबाईंना स्वतःचे केस आवडले, तोंड वाकडं करून का होईना कबूल केलं.

मग त्यांनी गिऱ्हाइकांचं काढलं. माझे हात बघून लोक बिचकतील. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले की बिचकू देत, मी त्यांना सांगीन, तोंड शाबूत आहे माझं. तुम्ही मला लपवलंत म्हणून लोकांना वाटलं की लपवण्यासारखं काहीतरी असेल. पडदा तुम्ही लावलात, बिचकायला तुम्ही शिकवलंत! वन्सं, मी घामाघूम. पण बोलले ते बोलले.

शेवटी अर्धी खुर्ची मिळाली, आणि तुमच्या दादांनी काचेला फिल्म लावून दिली. सकाळी तिथे ऊन थेट येतं, तेव्हा सूनबाई. दुपारनंतर मी. पूर्ण जिंकले नाही, ते मला खुपतं, पण डॉक्टरांनाही हेच बरं वाटलं, म्हणून गप्प बसले. येईल त्या बाईला मी आधीच सांगते की हे दुखणं माझं आहे, तुम्हाला होणार नाही, तरी नको असेल तर पलीकडची खुर्ची रिकामी आहे. काही जातात. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई गेल्या, ज्यांचे केस मी त्या साध्या मास्तरीण होत्या तेव्हापासून रंगवले. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. ते मला लागलं, फार लागलं. बँकेतल्या बाई मात्र बसल्या आणि म्हणाल्या की बडबड पुरे, मुळं पांढरी दिसतायत ती बघा.

पण मी सांगणार होते ते पहिल्या दिवसाचं. पहिल्या दिवशी उघडायच्या वेळेला सगळ्यांनी हजर राहायचं, असं मालकीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे तो आरशाचा नियम. खुर्चीवर यायचं तर रुमाल चालणार नाही, हेही स्पष्ट केलं. सकाळी तुमच्या दादांनी वेणी घातली. त्यांना माहीत होतं आज काय आहे ते, म्हणून त्यांनी फारच मन लावून घातली आणि ती नेहमीपेक्षा वाईट झाली. भांग कपाळापासून निघतो आणि कानाकडे वळतो. एक पेड जाड, दोन बारीक. खाली रबर दोनदा गुंडाळलेलं, वायर बांधल्यासारखं. त्यांनी मागे सरकून बघितलं आणि बरी झालीय म्हणाले. मी रुमाल बांधून निघाले.

मी आरशासमोर उभी राहिले आणि हनुवटीखालची गाठ सोडून रुमाल काढला. बाकीच्या आपापल्या नखांकडे बघायला लागल्या. मालकीणबाईंनी कंगवा उचलला, माझ्या मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या की सोडते आणि नीट घालून देते, दोन मिनिटांचं काम आहे. चांगल्या मनाने म्हणाल्या, तेही सांगते. आणि त्यांच्या हातून ती खरंच सुरेख झाली असती.

मी म्हणाले की हात लावायचा नाही. या वेणीला कुणीही हात लावायचा नाही. आमचे केस म्हणजे दुकानाची पाटी ना? मग वाचू देत लोकांना. या बाईचा हात वर जात नाही, आणि घरी एक माणूस आहे, त्याचा जातो.

मालकीणबाईंनी कंगवा खिशात घातला. दुपारी मी खिडकीजवळची खुर्ची तळाशी नेली, स्टुलावर बसले आणि पहिलीला हाक मारली. काचेतून भरपूर उजेड येत होता.

तुमच्या दादांना यातलं काही कळवू नका, डोक्यावर बसतील. आणि तो भांग सरळ कसा काढायचा हेही त्यांना लिहू नका. मला येतं ते शिकवायला, मी शिकवत नाही.

पोरीला पापा. तुमचा राग असाच जागा राहू द्या, मला त्याचा फार आधार वाटतो.

तुमची,
वहिनी